वारसा कराचा दर नंतर ठरवा, आधी भोके बुजवा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आर्थिक विषमतेवर वाद सुरू झाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक बाजू म्हणते, गडगंज वारशावर कर लावा. दुसरी म्हणते, आईबापांच्या कष्टाची कमाई सरकार हिसकावून घेणार. मग भांडण दरावर येते: जपानमध्ये ५५ टक्क्यांपर्यंत, दक्षिण कोरियात ५०, ब्रिटनमध्ये ४०, आपल्याकडे शून्य. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीतही चर्चा याच वळणाने गेली आणि तिथेच विझली. हा कर आपल्या देशात ३१ वर्षे होता, त्याचा वरचा दर ८५ टक्क्यांवर पोचला होता, आणि तो रद्द झाला तेव्हा तिजोरीत वर्षाला जेमतेम २० कोटी रुपये येत होते, हे दोन्ही बाजूंपैकी कोणीच सांगत नाही. दर एवढा आणि वसुली एवढीशी, असे का झाले, हे समजून घेतल्याशिवाय नव्या कराची मागणी करणे किंवा त्याची भीती घालणे, दोन्ही व्यर्थ आहे.

मुळात विषमता आहे किती? इथेच पट्टीचा घोळ होतो. सरकारच्या कौटुंबिक खर्च सर्वेक्षणात २०२३-२४ चा गिनी गुणांक ग्रामीण भागात ०.२३७ आणि शहरी भागात ०.२८४ आला. (शून्य म्हणजे पूर्ण समानता, एक म्हणजे सगळे एकाकडेच.) आकडा खाली आला म्हणून आपण जगातल्या सर्वांत समान देशांपैकी एक ठरलो, असे सांगितले जाते. पण हा गुणांक खर्चाचा आहे. महिन्याला ५० लाख कमावणारा माणूस ५० लाख खर्च करत नाही. खातो-पितो, फिरतो, उरलेले गुंतवतो. गुंतवलेले खर्चात दिसत नाही, म्हणजे विषमतेतही दिसत नाही. शिवाय ज्या देशांशी तुलना केली जाते, त्यांतले बरेच देश उत्पन्नाचा गुणांक देतात. आपण किलोमीटरची मैलांशी तुलना करतो आणि जिंकलो म्हणतो.

मालमत्तेची पट्टी लावली की चित्र पालटते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१९ च्या कर्ज व गुंतवणूक पाहणीत शहरांतल्या वरच्या १० टक्के कुटुंबांकडे एकूण मालमत्तेपैकी ५५.७ टक्के, तर खालच्या निम्म्या कुटुंबांकडे मिळून ६.२ टक्के मालमत्ता आढळली. अतिश्रीमंतांच्या घरात पाहणी करणारा सहसा पोचतच नाही, त्यामुळे खरी दरी याहून मोठी असणार. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या अभ्यासकांनी प्राप्तिकराची आकडेवारी आणि अब्जाधीशांच्या याद्या जोडून २०२२-२३ साठी अंदाज काढला, तो वरच्या एका टक्क्याकडे ४०.१ टक्के संपत्ती असा आहे. या अंदाजातल्या गृहीतकांवर वाद होऊ शकतो. दिशेवर होऊ नये.

आता ही संपत्ती एका पिढीकडून दुसरीकडे कशी जाते ते पाहा. मुंबईत स्वतःच्या कमाईतून पहिले घर घेणारा पुरुष ६ टक्के मुद्रांक शुल्क भरतो. महिलेच्या नावे घेतले तर एक टक्का सवलत मिळते. तेच राहते घर वडिलांनी मुलाला बक्षीसपत्राने दिले, तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये. शहरी भागात स्थानिक अधिभार लागतो तेवढाच. घर कितीही कोटींचे असो. बक्षीस न देता वारस म्हणून नाव चढवले तर मुद्रांक शुल्कही नाही. कर्ज काढून घर घेणारी परिचारिका आणि तीन घरे वारशाने मिळालेला तरुण यांच्यात मालमत्ता मिळवताना राज्याला जास्त पैसे कोण देतो, हे सांगायला गणिती असण्याची गरज नाही.

प्राप्तिकरातही तेच. नातेवाइकाकडून मिळालेल्या भेटीवर कर नाही आणि रकमेला मर्यादाही नाही. परक्याकडून वर्षाला ५० हजारांहून जास्त मिळाले तर पूर्ण रक्कम करपात्र. वारशाने किंवा मृत्युपत्राने मिळालेलेही करमुक्त. वारसाने ती मालमत्ता विकली तर नफा मूळ खरेदी किमतीपासून मोजतात, हे चांगले आहे. अमेरिकेत वारसाच्या हाती येताना किंमत नव्याने धरली जाते आणि मृताच्या हयातीतला सगळा नफा करातून सुटतो. तो दोष आपल्याकडे नाही. पण आपल्याकडे दुसरी सवलत आहे. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेला त्या तारखेचा बाजारभाव ही खरेदी किंमत म्हणून धरता येतो. आजोबांनी १९६५ साली घेतलेली जागा नातवाने विकली, तर २००१ पर्यंतची सगळी वाढ कायमची करमुक्त. शेअर बाजारात नोंदलेल्या शेअरच्या बाबतीत तीच रेघ ३१ जानेवारी २०१८ वर आहे. त्यानंतरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर सध्या १२.५ टक्के कर आहे, तोही वर्षाला सव्वा लाख वगळून. पगारदाराचा वरचा टप्पा ३० टक्क्यांचा. आणि मालमत्ता कधी विकलीच नाही, पिढ्यान्‌पिढ्या फक्त नावे बदलत गेली, तर नफ्यावर कर कधीच नाही.

तेव्हा प्रश्न खरा आहे. उत्तर का फसले, ते आता.

मृत्युकराचा, म्हणजे मृताच्या एकूण मालमत्तेवर लागणाऱ्या आपल्याकडच्या वारसा कराचा, कायदा १५ ऑक्टोबर १९५३ पासून लागू झाला. १९५६ साली केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांनी भारत सरकारला अहवाल दिला. त्याचा मुद्दा असा होता की उत्पन्न, संपत्ती, खर्च आणि भेटी या चारही ठिकाणी कर असेल तर एका विवरणपत्रातली लबाडी दुसऱ्यात पकडली जाते. उत्पन्न लपवले तर वाढलेली संपत्ती बोलते. संपत्ती मुलाच्या नावे केली तर बक्षीस कराचे विवरणपत्र बोलते. त्यातून १९५७ साली संपत्ती कर आणि खर्च कर, १९५८ साली बक्षीस कर आला. काल्डोर यांची एक अट मात्र बाजूला पडली: वरचा प्राप्तिकर मर्यादेत ठेवा. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. शंभरातले सव्वादोन रुपये हातात राहणार असतील तर लपवण्याचे बक्षीस कमावण्यापेक्षा मोठे होते. खर्च कर १९६२ मध्ये गेला, १९६४ मध्ये परत आला आणि १९६६ मध्ये पुन्हा गेला. चार पायांच्या खाटेचा एक पाय असा लवकरच मोडला. बाकीच्या तिघांची विवरणपत्रे एकमेकांशी ताडून पाहण्याची यंत्रणाही उभी राहिली नाही. कागदी फायलींच्या काळात ती राहणे अवघडच होते.

मृत्युकरात भोके कुठे होती? पहिले भोक बक्षिसाचे. मृत्यूपूर्वी दोन वर्षांच्या आत दिलेल्या भेटीच मृताच्या मालमत्तेत धरल्या जात. म्हणजे वेळेत वाटप करणारा सुटला. अचानक गेलेल्या माणसाच्या कुटुंबावर मात्र पूर्ण बोजा. हा कर श्रीमंतीपेक्षा दुर्दैवावर जास्त बसला, आणि लोकांच्या मनातून उतरण्याचे हे एक मोठे कारण आहे. ब्रिटनमध्ये ही मुदत सात वर्षांची आहे. दुसरे भोक मूल्यांकनाचे. रेडी रेकनरसारखा सार्वजनिक दरतक्ता तेव्हा नव्हता, त्यामुळे प्रत्येक बंगल्याची किंमत म्हणजे अधिकारी आणि वारस यांच्यातली घासाघीस. तिसरे भोक हिंदू अविभक्त कुटुंब (कायदा ज्याला स्वतंत्र करदाता मानतो ते एकत्र कुटुंब) आणि न्यासांचे (ट्रस्टचे). एकच संपत्ती कुटुंब, लहान कुटुंब, मुलांच्या नावचा न्यास अशा चार-पाच कप्प्यांत ठेवली की प्रत्येक कप्पा खालच्या टप्प्यात बसतो. अंशतः वाटणी करून नवे करदाते तयार करण्याची युक्ती इतकी बोकाळली की ३१ डिसेंबर १९७८ नंतरची अशी वाटणी प्राप्तिकरासाठी मानायची नाही, असे कायद्यात घालावे लागले. आणि एक गोष्ट सहसा बोलली जात नाही: घटनेच्या तेव्हाच्या तरतुदीनुसार या कराचे उत्पन्न राज्यांना द्यायचे होते. शिव्या केंद्राने खायच्या, पैसा राज्यांकडे जायचा. कोणते खाते असा कर जीव तोडून वसूल करील?

१६ मार्च १९८५ पासून तो रद्द झाला. तत्कालीन अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी दिलेली कारणे होती, उत्पन्न कमी, वसुलीचा खर्च तुलनेने जास्त, आणि एकाच मालमत्तेवर संपत्ती कर व मृत्युकर अशा दोन प्रक्रिया. ती कारणे प्रामाणिक होती. बक्षीस कर १९९८ मध्ये गेला.

संपत्ती कराचा शेवट वेगळ्या तऱ्हेने झाला. १९९३ पासून तो फक्त ‘अनुत्पादक’ मालमत्तेवर ठेवला गेला: दागिने, मोटारी, नौका, शहरी मोकळी जागा, दुसरे घर, ५० हजारांवरची रोकड. शेअर, म्युच्युअल फंड, रोखे, बँकेतल्या ठेवी सगळ्या बाहेर. दर एक टक्का. सूट आधी १५ लाख, पुढे ३० लाख. ज्यात मोठी श्रीमंती साठते ती कंपन्यांची मालकीच वगळली, आणि एक मोकळा प्लॉट व आजीचे दागिने असलेला मध्यमवर्गीय मात्र दरवर्षी ३१ मार्चला सोनाराकडून मूल्यांकनाचा दाखला आणत बसला. २०१३-१४ मध्ये देशभरातून १,००८ कोटी रुपये मिळाले. २०१५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द करून एक कोटीवरच्या उत्पन्नावर दोन टक्के जादा अधिभार लावला, त्यातून ९ हजार कोटींची अपेक्षा होती. हिशेब म्हणून निर्णय बरोबर. पण अधिभार उत्पन्नावर आहे. संपत्ती नुसती वाढत राहिली, लाभांशही घेतला नाही, तर त्याचा स्पर्श होत नाही.

आज परिस्थितीत एक मोठा फरक आहे आणि त्यासाठीच हे पत्र. माहिती आता कागदावर पसरलेली नाही. शेअर डीमॅट खात्यात आहेत, ते पॅनला जोडलेले आहेत. मोठ्या ठेवी, म्युच्युअल फंड, मालमत्तेची खरेदी-विक्री प्राप्तिकराच्या वार्षिक माहिती पत्रकात आपोआप येते. सातबारा आणि मालमत्ता पत्रक ऑनलाइन आहे, वारस फेरफाराची नोंद होते. मृत्यूनंतर शेअर वारसाच्या नावे करायचे तर डिपॉझिटरीला (शेअरची संगणकीय नोंद ठेवणाऱ्या संस्थेला) मृत्यूचा दाखला द्यावाच लागतो. काल्डोर यांना जी ताडणी हवी होती, ती आता संगणकावर शक्य आहे.

मग नवा कर असलाच, तर त्याची बांधणी अशी असावी. मृताच्या एकूण मालमत्तेवर कर न लावता घेणाऱ्याला आयुष्यभरात वारसा, मृत्युपत्र, बक्षीस आणि न्यास यांतून मिळून जे मिळाले त्याच्या बेरजेवर लावावा. आयर्लंडमध्ये साधारण याच धर्तीवर कर आहे. याने दोन गोष्टी साधतात. बक्षीस मृत्यूच्या आधी किती वर्षे दिले हा प्रश्नच उरत नाही, सगळे एकाच खात्यात चढते. आणि जो आपली मालमत्ता एका मुलाऐवजी चार भावंडांत, पुतण्या-भाच्यांत वाटतो, त्याच्या वारसांना कमी कर बसतो. मालमत्ता पसरावी हा तर हेतूच आहे. मुलींना हक्कसोडपत्रावर सही करायला लावून सगळे एका मुलाकडे वळवण्याची जी रीत आहे, तिलाही याने थोडा तरी लगाम बसेल.

उदाहरणादाखल आकडे घेतो. हे आकडे म्हणजे माझा प्रस्ताव नाही, हिशेब दिसावा म्हणून आहेत. प्रत्येकाला आयुष्यभरात १० कोटींपर्यंत काहीच नाही. १० ते ५० कोटींवर १० टक्के, त्यापुढे २० टक्के. चाळीस कोटी दोन मुलांत गेले तर प्रत्येकाला २० कोटी, कर एक कोटी, म्हणजे मिळालेल्याच्या ५ टक्के. पहिले घर विकत घेणाऱ्याच्या मुद्रांक शुल्कापेक्षाही कमी. एकाच वारसाला १०० कोटी मिळाले तर ४ अधिक १०, असे १४ कोटी. ते दहा वार्षिक हप्त्यांत भरायची मुभा दिली तर वर्षाला १ कोटी ४० लाख. शंभर कोटींवर करानंतर ५ टक्के परतावा धरला तरी वर्षाला पाच कोटी येतात. मूळ मालमत्तेतले काहीही विकायची गरज नाही. हप्त्यांची सोय हा या करातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. नाहीतर जागा आहे पण रोकड नाही अशा वारसाला पडेल त्या भावाने विकावे लागते, आणि ती घेतो त्याच्याहून श्रीमंत माणूस.

न्यासांकडे विशेष लक्ष हवे. खासगी कौटुंबिक न्यासात मालमत्ता गेली की ती ‘कोणालाच मिळालेली नाही’, लाभार्थी फक्त फळे खातात, आणि न्यास मरत नाही. ब्रिटनने यावर उपाय म्हणून बहुतेक न्यासांच्या मालमत्तेवर दर दहा वर्षांनी कमाल ६ टक्के आकारणी ठेवली आहे. अशी तरतूद नसलेला वारसा कर पहिल्याच वर्षी कोरडा पडेल, कारण मोठी घराणी कायदा यायच्या आधीच न्यास करून ठेवतात. दुसरी अवघड जागा म्हणजे शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या कंपन्या. त्यांच्या शेअरची किंमत ताळेबंदावरून काढतात. तिथल्या स्थावर मालमत्तेला आता मुद्रांक शुल्काचे मूल्य आणि दागिन्यांना बाजारभाव लावायचा नियम आहे, पण चालता धंदा, नाव, ग्राहक यांची किंमत ताळेबंदात उतरत नाही. इथे तंटे होणारच. त्यासाठी निर्णयाची मुदत आधीच कायद्यात घालावी लागेल.

शेतकऱ्यांच्या भीतीबद्दल. शेतजमिनीच्या वारशावर कर हा घटनेनुसार राज्यांचा विषय आहे, केंद्र परस्पर लावू शकत नाही. शिवाय महाराष्ट्रात सीलिंग कायद्याने कोरडवाहू जमीन ५४ एकरांपर्यंतच ठेवता येते, बारमाही ओलिताची १८ एकर. पूर्ण ५४ एकर एकाच मुलाला मिळाली तरी एकराला साडेअठरा लाखांच्या वर भाव गेल्याशिवाय १० कोटींची रेघ ओलांडली जात नाही. खरा धोका उलट्या बाजूने आहे: शहराच्या कडेला शेतजमीन घेऊन त्यात संपत्ती लपवणे. राज्यांनी स्वतःचा कायदा केला नाही तर हे भोक उघडेच राहील.

पैसा देशाबाहेर जाईल हा आक्षेप अर्धा खरा आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली प्रत्येक व्यक्ती वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवू शकते, चौघांचे कुटुंब दहा लाख. कारखाना आणि जमीन मात्र विमानात बसत नाही. स्वीडनने २००० नंतरच्या दशकात वारसा कर आणि संपत्ती कर दोन्ही काढले, हेही मान्य करायला हवे. आणि या करातून फार पैसा येत नाही. ब्रिटनमध्येही तो एकूण कर उत्पन्नाच्या एक टक्क्याहून कमी आहे. ज्याला यातून सगळ्या योजनांचा खर्च भागवायचा आहे, त्याची निराशा होईल. पिढीगणिक गाठ घट्ट होत जाते ती थोडी सैल करणे, एवढेच त्याचे काम.

खासगी मालमत्ता सरकार वाटून टाकील अशी भीती काही लोकांनी बोलून दाखवली. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी, मुंबईच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींच्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या प्रकरणात, प्रत्येक खासगी मालमत्ता ‘समाजाची भौतिक साधने’ ठरत नाही, असा बहुमताने निर्णय दिला आहे. तो मालमत्ता ताब्यात घेऊन वाटण्याच्या मार्गाबद्दल आहे. कर हा वेगळा मार्ग आहे आणि तो खुला आहे.

लोक कर द्यायला तयार होतात, पैसा कुठे जातो ते दिसले तर. याचा दाखला महाराष्ट्राकडेच आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात उभ्या राहिलेल्या, वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमी योजनेसाठी राज्याने १९७५ साली व्यवसाय कर लावला आणि त्याच्या जोडीला राज्याने स्वतःचा वाटा घालायचा असे ठरवले. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून निघालेला पैसा गावातल्या बांधबंदिस्तीवर गेला. असे थेट पुनर्वाटप देशात क्वचितच झाले असेल. पण आज त्या कराची अवस्था पाहा. घटनेच्या २७६व्या अनुच्छेदाने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा आहे. ती १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २५० वरून वाढवली, त्यानंतर हललेली नाही. महिन्याला ११ हजार पगार असलेला सुरक्षारक्षक दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये भरतो, आणि महिन्याला १० लाख घेणारा त्याचा मुख्याधिकारीही तेवढेच. पहिल्याला तो उत्पन्नाच्या १.९ टक्के पडतो, दुसऱ्याला ०.०२ टक्के. महिलांना २५ हजारांपर्यंत सूट मिळाली, ती योग्यच. पुरुषांसाठी ही रेघ अजून साडेसात हजारांवर आहे. खालची सूट वाढवायला राज्याला कोणाचीही परवानगी लागत नाही, ती येत्या अर्थसंकल्पातच वाढवता येईल. वरची मर्यादा काढून उत्पन्नाच्या प्रमाणात टप्पे करायचे तर संसदेत घटनादुरुस्ती लागेल, आणि ती मागण्याचा पहिला हक्क हा कर रोजगार हमीला जोडणाऱ्या राज्याचा आहे. महाराष्ट्रातल्या लोकसभेच्या ४८ खासदारांपैकी एकाने तरी हा प्रश्न सभागृहात विचारावा, ही विनंती.

कळावे,
एक वाचक